बारा अंशांचा फरक

इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत सोल्डरिंग गन अकरा होत्या. त्यांतल्या चार तापायच्या, एक नुसता वास सोडायची आणि उरलेल्या सहा जुन्या बॅचच्या आठवणीसाठी ठेवल्या असाव्यात. मल्टिमीटर चौदा, पैकी काटा हलणारे नऊ. ऑसिलोस्कोप दोन, एकाचा पडदा हिरवा, दुसऱ्याचा कायमचा काळा. स्टुलं बावीस, विद्यार्थी वीस. आणि कपाटाच्या वरच्या फळीवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, प्लायवूडच्या खोक्यात बसवलेला एक कंट्रोलर.

“चालू का बंद?” सरांनी विचारलं.

ते टेबलापाशी बसून लिहीत होते आणि मी स्टुलावर चढून मोजत होते. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला शनिवार होता, डेड स्टॉकची तपासणी चालली होती. मी कंट्रोलर खाली आणला, धूळ पुसली, प्लगला लावला. लाल आकडे उमटले : छत्तीस. खिडकीशेजारी भिंतीवर पाऱ्याचा थर्मामीटर होता. तो चोवीस दाखवत होता.

“सदोष,” मी म्हटलं. “बारा अंश जास्त दाखवतो.”

“चालू लिहितो.”

“पण सर, बारा अंश म्हणजे...”

“उन्हाळ्यात बरोबर असतो तो,” सर म्हणाले आणि मान वर न करता पुढच्या ओळीवर गेले. फक्त त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

हा कंट्रोलर त्यांनी पहिल्या बॅचला हाताशी धरून स्वतः बनवला होता. बटण फिरवून हवं ते तापमान लावायचं. मग त्याला जोडलेला दिवा किंवा हीटर तो आपोआप चालू-बंद करत राही. कुठल्याशा प्रदर्शनात त्याला दुसरं बक्षीस मिळालं होतं. पहिलं बक्षीस डेअरी विभागाच्या पनीरला मिळालं, ही गोष्ट सर कधी सांगत नसत. पण मला माहीत होती, कारण सर म्हणजे माझे वडील.

कॉलेज आमच्या घरापासून आठ किलोमीटरवर होतं आणि मध्ये नदीवरचा पूल होता. पुलाच्या अलीकडे ते पप्पा आणि मी हर्षू. पलीकडे ते सर आणि मी बोरस्ते. हा नियम त्यांनी अकरावीच्या पहिल्याच दिवशी स्कूटर चालवता चालवता जाहीर केला आणि कधी मोडला नाही. एकदा मी पुलाच्या तोंडाशी वहीसाठी पैसे मागायला सुरुवात केली आणि वाक्य संपेपर्यंत पूल मागे पडला. “विद्यार्थ्यांनी वह्या आपापल्या घरून आणाव्यात,” असं उत्तर मिळालं.

अकरावी सायन्सला दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सोडून त्यांच्या जागी दोनशे मार्कांचा व्यवसाय विषय घेता येतो. त्याला सगळे बायफोकल म्हणतात. आमच्या कॉलेजात असे दोनच होते, इलेक्ट्रॉनिक्स आणि डेअरी. मी इलेक्ट्रॉनिक्सला कशी गेले हे मला आठवत नाही. प्रवेशाचा अर्ज मी भरला तेव्हा त्या रकान्यात आधीच अक्षरं होती आणि ती पप्पांची होती.

मोजणी संपली, सरांनी पेनाला टोपण लावलं, आणि मी सांगून टाकलं की मला इलेक्ट्रॉनिक्स सोडून डेअरी घ्यायची आहे.

त्यांनी टोपण काढलं, परत लावलं. मग शांतपणे हिशेब समजावला. संस्थेनं गेल्या वर्षीच ठरवलं होतं की ज्या बायफोकलचा पट विसाच्या खाली जाईल तो विषय पुढल्या वर्षीपासून बंद. वर्गात मुलं वीस. विसावी मी. मी उठले तर स्टुलं, गन, मल्टिमीटर, हिरवा पडदा आणि काळा पडदा, सगळ्यांना कुलूप लागणार, आणि सरांना गणिताचे तास घेत फिरावं लागणार.

का सोडायचंय, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. ऑगस्टमधल्या एका दुपारी वीज गेली, आमचं प्रात्यक्षिक थांबलं आणि मी शेजारच्या डेअरीच्या खोलीत डोकावले. त्यांचं काम चालूच होतं, कारण त्यांचा मायक्रोस्कोप आरशावर चालायचा. काचेच्या पट्टीवर दह्याचा थेंब होता, निळ्या रंगात बुडवलेला. मी डोळा लावला. आत मण्यांच्या माळा होत्या. आखूड, लांब, एकमेकींत अडकलेल्या. कुणीतरी म्हणालं, हे जिवंत असतात, रात्रीतून हेच दुधाचं दही करतात. मी दोन महिने सर्किटं जोडत होते. त्यातलं काहीही रात्रीतून वाढत नव्हतं.

सोमवारी मी प्राचार्य कुलथे मॅडमकडे गेले. मॅडम कमी बोलायच्या आणि बोलताना समोरच्याच्या बुटांकडे बघायच्या. वर्षाच्या मध्यात विषय बदलता येतो का, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की येतो, पण एकास एक. इकडून एक गेला तर तिकडून एक आला पाहिजे. अर्जावर दोन्ही विभागप्रमुखांच्या सह्या हव्यात. आणि हे सगळं गॅदरिंगच्या आत, कारण त्यानंतर नावं बोर्डाकडे जातात.

“बोरस्ते सरांना माहीत आहे?” त्यांनी माझ्या चपलांना विचारलं.

“सांगितलंय, मॅडम.”

“आणि?”

“हिशेब सांगितला त्यांनी.”

मॅडमनी दोन कोरे अर्ज काढून दिले.

तिकडून येणारा शोधायला वेळ लागला नाही. समाधान निरगुडे डेअरीला होता, कारण त्याच्या घरी सात म्हशी होत्या आणि त्याला वाटलं होतं की आता अभ्यास करावा लागणार नाही. पहिल्या महिन्यातच त्याच्या लक्षात आलं की घरी जे पहाटे करायचं तेच इथे अकरा वाजता वहीत लिहून काढायचं आहे. तो मागच्या बाकावर बसून पोरांचे मोबाइलचे चार्जर दुरुस्त करायचा. मी अदलाबदलीचं विचारलं तर त्यानं आधी माझ्याकडे संशयानं पाहिलं.

“म्हणजे मी तुझ्या बापाच्या हाताखाली आणि तू आमच्या गांगुर्ड्याच्या?”

“हो.”

“यात कोण फसतंय ते कळंना,” तो म्हणाला आणि दुसऱ्या अर्जावर सही करून मोकळा झाला.

खरी अडचण वरच्या सह्यांची होती. बोरस्ते सर आणि डेअरीचे गांगुर्डे सर चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. दोन्ही खोल्यांत एक भिंत आणि एक वीजजोडणी सामाईक होती. डेअरीवाल्यांनी साय काढायचं यंत्र सुरू केलं की आमच्या ऑसिलोस्कोपवरची रेघ लोळायला लागे. मग सर भिंतीवर पट्टी आपटायचे आणि गांगुर्डे सर यंत्र आणखी थोडा वेळ चालवायचे. शिवाय डेअरीच्या खोलीत एक उभा, काचेच्या दाराचा कूलर होता, थंड पेयांच्या दुकानात असतो तसला. देणगीत आला आणि तिसऱ्या दिवशी जळाला. गांगुर्डे सरांच्या मते तो इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी फ्यूजशी खेळ केल्यामुळे जळाला. आमच्या सरांच्या मते त्यात गरम दूध ठेवल्यामुळे. चार वर्षं त्यात पोती भरलेली होती आणि कोणी कुणाला हाक मारलेली नव्हती.

मी अर्ज घेऊन गांगुर्डे सरांकडे गेले. त्यांनी नाव वाचलं आणि हसून विचारलं की इकडे नेमकं कोणत्या कामावर पाठवलंय मला. दह्याचं सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनी अर्ज घडी घालून परत दिला. समाधान आमच्या सरांकडे गेला. त्यांनी त्याचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, डेअरीचा मुलगा आमच्याकडे येऊन काय करणार, तूप लावून वायर सरकवणार? समाधान बाहेर येऊन मला म्हणाला की दोघं सख्खे भाऊ वाटतात.

डिसेंबर लागला आणि थंडी पडली. आमच्या निफाडकडची थंडी वर्तमानपत्रात येते. सकाळी द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, आणि दही लागत नाही. घराघरात विरजणाचं भांडं शालीत, रजईत, धान्याच्या कोठीत जाऊन बसतं. एरवी यात कॉलेजचा काही संबंध नव्हता. पण त्या वर्षी गॅदरिंग नोव्हेंबरमधून डिसेंबरच्या शेवटी ढकललं गेलं. गॅदरिंगच्या जेवणात जिलेबी आणि मठ्ठा ठरलेला, आणि मठ्ठा डेअरी विभागाचाच, ही गांगुर्डे सरांची परंपरा. संस्थेचे अध्यक्ष म्हणे त्या मठ्ठ्यासाठीच भाषण आटोपतं घ्यायचे. आचाऱ्याकडून आणूया का, असं स्टाफ मीटिंगमध्ये कुणीतरी सुचवलं, तेव्हा गांगुर्डे सर म्हणाले की त्या दिवशी ते विषय शिकवणं सोडतील.

गॅदरिंगच्या आदल्या आठवड्यात त्यांनी प्रात्यक्षिकाला दही लावून पाहिलं. चार पोती गुंडाळली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते दूधच होतं. गांगुर्डे सर वर्गावर चिडले की कुणीतरी भांडं हलवलं. पोरांनी ते दूध साखर घालून पिऊन टाकलं आणि समाधाननं भिंतीपलीकडे येऊन मला बातमी दिली.

“आता पोती आठ करणार म्हणे,” तो म्हणाला.

“पोत्यांनी ऊब येत नाही. असलेली ऊब थोडी टिकते.”

“ते त्यांना सांग.”

मी कपाटाच्या वरच्या फळीकडे पाहिलं. समाधाननंही पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरलं, ते पाहून मला कळलं की हा माणूस डेअरीत वाया जातोय.

योजना सोपी होती. जळालेला कूलर म्हणजे जाड भिंतींची बंद पेटी. थंड ठेवण्यासाठी बनवली होती, पण पेटीला काय, जे आत ठेवाल ते ती धरून ठेवते. पोती बाहेर काढायची, पातेली आत ठेवायची, कडेला चार बल्ब लावायचे, हवा फिरायला जुन्या कॉम्प्युटरमधला छोटा पंखा बसवायचा आणि सगळ्यावर देखरेखीला कंट्रोलर. दही लागलं तर गांगुर्डे सरांची इभ्रत आमच्या हातात, आणि ती आमच्या सरांच्या डब्यानं वाचवलेली. मग दोघंही कशाच्या तोंडानं सही नाकारणार? नाही लागलं तर समाधान म्हणाला तो नाशिकला मामाकडे निघून जाईल. मला तेवढीही सोय नव्हती. मला पूल ओलांडून घरी जायचं होतं.

तापमान किती, हे समाधानच्या वहीत होतं. गांगुर्डे सरांचं विरजण तीस अंशांचं. चाळीसच्या वर गेलं की दही फाटतं, खाली हिरवं पाणी आणि वर रबर.

“मग बेचाळीस लावायचं,” मी म्हटलं.

“तीस म्हणलो ना मी.”

“कंट्रोलर बारा अंश जास्त दाखवतो. तीस हवं तर बेचाळीस.”

समाधाननं बोटांवर हिशेब केला आणि मान डोलावली.

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी चारच्या सुमारास गांगुर्डे सरांनी साठ लिटर दूध तापवून निववलं, चार पातेल्यांत ओतलं, विरजण लावलं, आठ पोत्यांत गुंडाळलं आणि नाटकाची तालीम बघायला हॉलमध्ये गेले. सगळं कॉलेज तिकडेच होतं. मी आमच्या प्रयोगशाळेत साफसफाईच्या निमित्तानं मागे राहिले. कंट्रोलर वर्तमानपत्रासकट मधल्या भिंतीतल्या झरोक्यातून पलीकडे समाधानकडे दिला; मागोमाग वायर सोडली, कारण कूलरजवळचा प्लग गांगुर्डे सरांच्या मते आमच्यामुळेच बंद होता. समाधाननं म्हशीच्या बादल्या उचलतात तशी पातेली न हिंदकळवता एकेक फळीवर चढवली. बल्ब, पंखा, जोडणी, सगळं त्यानं केलं. मग मी पलीकडे जाऊन मधल्या फळीवर सेन्सर टांगला आणि बटण बेचाळीसवर नेलं. बल्ब पेटले. काचेचं दार आतून पिवळं झालं आणि चार वर्षं मेलेला कूलर एखाद्या मिठाईच्या दुकानासारखा दिसायला लागला.

कंट्रोलरवर आकडा होता अठ्ठावीस. म्हणजे खरं सोळा, असं मी मनातल्या मनात वजा करून टाकलं. कोमट दुधाच्या चार पातेल्यांमध्ये सोळा अंश कसं असेल, हा प्रश्न मला दुसऱ्या दिवशी सकाळी पडला.

तालीम लांबली. अंधार पडताना मी स्कूटरपाशी उभी होते आणि सर प्रयोगशाळा बंद करायला गेले. तेव्हाच मला आठवलं. सर रोज जाताना मेन स्विच खाली पाडायचे. रोज. पाडल्यावर हात लावून खात्री करायचे. आमची वायर त्याच मेनवर होती.

पळत जाऊन काही सांगावं तर काय सांगणार? मी स्कूटरचा आरसा धरून उभी राहिले. आतून मेन पडल्याचा खट् आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग आणखी एकदा खट्. मग कुलूप. सर आले ते चाचपडतच. चष्मा शोधत होतो म्हणाले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

वाटेत पूल आला, गेला. पप्पांनी घरी चहा घेतला आणि ते फोनवर बोलायला गच्चीवर गेले, खाली रेंज नसायची म्हणून. मी जेवले नाही. आईनं विचारलं तर सांगितलं, उद्या जिलेबी आहे.

सकाळी मी एसटीनं लवकर पोचले. समाधान दारातच होता, किल्ली हातात घेऊन. एकट्यानं उघडायची त्याची हिंमत होत नव्हती. आत गेलो. काच पिवळी होती, बल्ब चालू होते. माझा जीव भांड्यात पडला आणि तसाच पुन्हा वर आला, कारण कंट्रोलरचं बटण बेचाळीसवर नव्हतं. तीसवर होतं.

“तू फिरवलंस?” मी विचारलं.

“आईशप्पथ नाही. तूच फिरवलं असशील.”

“मी घरी होते.”

“मी काय इथं झोपलो होतो?”

मी हिशेब केला. बटण तीसवर म्हणजे खरं तापमान अठरा. अठराला हे विरजण रात्रभरात काहीही करणार नाही. साठ लिटर दूध, चारशे माणसं, अध्यक्ष, आणि दोन अर्ज. समाधाननं दार उघडलं. मी वरच्या पातेल्यावरचं झाकण सरकवलं आणि पातेलं हळूच कलतं केलं.

हललं नाही. कडेला पाण्याचा थेंब नव्हता. वर बोट टेकवलं तर ठसा उमटला. दुसरं पातेलं तसंच, तिसरं, चौथं. मी डेअरीचा थर्मामीटर मधल्या फळीवर धरून उभी राहिले. पारा तीसवर जाऊन थांबला. कंट्रोलर तीस, पारा तीस. बारा अंश कुठे गेले, ते मला कळेना. दही लागल्याचा आनंद व्हायचा सोडून मी खोक्याच्या मागे वाकून बघत होते, तेवढ्यात गांगुर्डे सर आले.

त्यांच्या हातात मोठा डबा होता. मठ्ठ्याची मिरची-आलं वाटून आणि कोथिंबीर चिरून त्यांनी घरूनच आणली होती. दही लागलंय का ते बघण्याआधीच. पण हे मला नंतर सुचलं. त्या क्षणी ते दारात थांबले, फरशीवर पडलेली पोती पाहिली, उजळलेला कूलर पाहिला आणि इतके चकित झाले की डबा खाली ठेवायला त्यांना तीन जागा बदलाव्या लागल्या.

“बोलवा,” ते म्हणाले. “तुमच्या सरांना बोलवा. आणि मॅडमना.”

बोलवावं लागलं नाही. सर स्कूटर लावून इकडेच येत होते, आणि त्यांच्यामागे कुलथे मॅडम, गॅदरिंगची जरीची साडी नेसून.

“बोरस्ते सर,” गांगुर्डे सरांनी चार वर्षांत पहिल्यांदा थेट हाक मारली, “तुमचं खोकं आमच्या कूलरमध्ये काय करतंय?”

“काम करतंय,” सर म्हणाले. “या खोलीतली पहिलीच वस्तू.”

“परवानगी कुणाची घेतली?”

“तेच मी विचारतोय.” सर माझ्याकडे वळले. “बोरस्ते, हे कुणी केलं?”

“मी, सर.”

“आणि मी,” समाधान म्हणाला. नाशिकच्या मामाचं त्याला आठवलं नसावं.

सरांनी झरोक्यातून आलेली वायर शेवटपर्यंत डोळ्यांनी तपासली, बल्बांच्या जोडांवर वाकले आणि एका जोडावर बोट ठेवलं. “हा कुणाचा?”

“माझा, सर,” समाधान म्हणाला.

“सोल्डर जास्त झालंय.” मग ते मॅडमकडे वळून सभेत बोलावं तशा आवाजात म्हणाले की विभागाची वस्तू विनापरवानगी भिंतीपलीकडे नेणारी विद्यार्थिनी त्यांना त्यांच्या विभागात नको. मुलगी असली तरी नको. आजच्या आज नाव कमी करा.

मला नको असलेल्या जागेतूनच काढलं, तरी ते मला लागलं.

“आणि ज्याचा माझ्या पोत्यांवर विश्वास नाही,” गांगुर्डे सर म्हणाले, “तो पोरगा मलाही नको. जाऊ दे त्याला पलीकडे वायरी चघळत.”

कुलथे मॅडमनी दोघा सरांच्या बुटांकडे आळीपाळीनं पाहिलं. “म्हणजे दोघांनाही शिक्षा.”

“शिक्षाच,” सर म्हणाले.

“कडक,” गांगुर्डे सरांनी जोड दिली.

मॅडमनी पर्स उघडून दोन अर्ज काढले. ते मी परवाच हताश होऊन त्यांच्या टेबलावर परत ठेवले होते. जरीच्या साडीबरोबरच्या छोट्या पर्समध्ये ते कसे आले, तेही मला तेव्हा सुचलं नाही. कूलरच्या पाठीवर कागद ठेवून दोघांनी सह्या केल्या. गांगुर्डे सरांकडे पेन नव्हतं. आमच्या सरांनी आपलं दिलं, आणि परत घ्यायला विसरले.

मठ्ठा झाला. अध्यक्षांनी तीन पेले घेतले आणि भाषणात पोषणावर बोलले. गांगुर्डे सर वाढताना येईल त्याला सांगत होते की सगळं गुपित विरजणात असतं. आमचे सर जिलेबीच्या रांगेत शेजाऱ्याला सांगत होते की विरजण कुणीही लावतं, तापमान सांभाळावं लागतं.

परतताना स्कूटरवर मी मागे बसून कॉलेजच्या बाजूचा सगळा रस्ता गप्प होते. सरांना काय विचारणार? पूल आला. पूल गेला.

“हर्षू,” पप्पा म्हणाले.

“अं?”

“तू त्या शनिवारी सदोष म्हणालीस ना. मी रविवारी जाऊन सेन्सर बदलला होता. चालू लिहिलं होतं, मग चालू नको का असायला?”

मी पुढे वाकले. “म्हणजे बेचाळीस लावलं ते...”

“बेचाळीसच झालं असतं.”

“मग तीस तुम्ही केलंत?”

“मला काय कळतंय दह्यातलं?” एक उसाची ट्रॉली पुढे गेली, तोवर ते थांबले. “मेन पाडला आणि पलीकडे काहीतरी विझलं. झरोक्यातून पाहिलं तर आत पातेली, वर माझं खोकं, बटण बेचाळीसवर. मेन परत वर केला. पण बेचाळीस बरोबर की चूक, कुणाला विचारायचं? घरी येऊन फोन केला.”

“गांगुर्डे सरांना?”

“त्यांच्याशिवाय कोणाला? ते म्हणाले, फाटेल, लगेच तीस करा. म्हटलं, मी घरी पोचलोय. ते कॉलेजच्या मागेच राहतात. म्हणाले, जातो, बटण कुठल्या बाजूला फिरवायचं तेवढं सांगा.”

मागच्या सीटवर मला सकाळ पुन्हा सगळी दिसली. कोथिंबीर, पर्स, डबा ठेवायला बदललेल्या तीन जागा.

“म्हणजे सकाळचं भांडण...”

“ते खरं होतं,” पप्पा म्हणाले. “निम्मं.”

घर जवळ आलं होतं. त्यांनी स्कूटर हळू केली, रस्ता रिकामा होता तरी.

“पट वीसच राहिला,” ते म्हणाले. आणि मग, पुढेच बघत, “दह्यात तुला दिसतं काय गं नक्की?”

मी सांगायला सुरुवात केली. निळा रंग, आरसा, मण्यांच्या माळा. फाटकाशी पोचलो तेव्हा माझं संपलं नव्हतं. त्यांनी इंजिन बंद केलं, पण उतरले नाहीत.

नंतर मी मायक्रोबायोलॉजीत पदवी घेतली आणि आता एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत काम करते. समाधान इन्व्हर्टर बनवतो. सोल्डर अजून जास्तच लावतो. पप्पा यंदा निवृत्त झाले. निर्लेखित, म्हणजे मोडीत काढलेल्या, सामानातला कंट्रोलर त्यांनी रीतसर अर्ज करून मागून घेतला आणि स्कूटरवर पुढे ठेवून पुलाच्या अलीकडे आणला.

गेल्या रविवारी मी आमच्या प्रयोगशाळेतला प्रमाणित थर्मामीटर घरी नेला. बादलीत कोमट पाणी घेतलं, हीटर सोडला, सेन्सर आणि थर्मामीटर शेजारी शेजारी टांगले. पप्पा स्टुलावर बसले होते, हातात पेन होतं. मी बटण तीसवर लावलं आणि आकडे स्थिर होईपर्यंत थांबले.

कंट्रोलर तीस. थर्मामीटर एकोणतीस पूर्णांक नऊ.